निसटणारा दुसरा गिअर

रायभान मला पहिल्यांदा दिसला तो उलटा.

जिंतूरचा बाजार भरलेला. कापसाच्या गाड्या रस्त्यात आडव्यातिडव्या उभ्या. आणि त्यांच्यातून वाट काढत एक हिरवी जीप पाठीकडून चालत येत होती... पोरं ओरडत होती, बाया पदर सावरत बाजूला होत होत्या, कुणाचा तरी बैल बुजला. जीपमधला माणूस मात्र मान मागं वळवून असा निवांत, जणू त्याच्या गावात गाड्या उलट्याच चालतात.

मी आमच्या गॅरेजपुढं बसून घमेल्यात बेअरिंगा धूत होते. जीप मागं सरकत आली, सरकत आली, आणि माझ्या घमेल्याला टेकून थांबली. रॉकेल उडालं ते थेट माझ्या पदरावर.

"डोळे पाठीला फुटलेत का तुमचे?"

"पाठीला असते तर बरं झालं असतं," तो मान चोळत उतरला. "चारठाण्याच्या फाट्यापसून असाच आलो. गिअरबॉक्स गेला, बाई. एकटा रिवर्स तेवढा लागायलाय."

"एवढ्या लांबून? उलटं?"

"मेंढरांपुढं चालायचं म्हणजे मागं बघतच चालावं लागतं. लहानपणापसून सवय हाय."

"आन् मला बाई कामून म्हणता? लगीन न्हाई झालं माझं अजून."

"बरं झालं..." तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. सावळ्या माणसाचे कान लाल होत नाहीत म्हणतात. होतात. मी बघितलेत.

मला तेव्हा तानू म्हणायचे. चौथीपर्यंत शाळा, त्यापुढं सगळं शिक्षण अण्णांच्या गॅरेजात. माझे वडील, बन्सीधर मिस्तरी. आमचं मूळ घर शेतकऱ्याचं, पण अण्णांचा जीव नांगरात रमला नाही, इंजनात रमला. आई मी लहान असतानाच गेली. घरी एकटी ठेवण्यापेक्षा अण्णांनी मला शेजारी बसवून पाने ओळखायला शिकवलं. पोरीच्या जातीनं हातात पाना धरावा का, यावर गल्लीत फार चर्चा चालायची. मी त्या चर्चेला कधी गेले नाही.

रायभान गाडीखाली वाकला तेव्हा त्याचा डावा हात दिसला. मधली दोन बोटं मुळापासून गेलेली. मळणी यंत्रात. आमच्याकडं अशी कितीतरी माणसं होती तेव्हा. ज्याच्या त्याच्या हाताकडं बघून सुगीचं साल सांगता यावं इतकी. माझी नजर पडली तसा त्यानं हात खिशात घातला. आणि मला वाईट वाटलं ते बोटांचं नाही, त्या खिशाचं.

त्याच दिवशी, उन्हं उतरताना किशनराव आले. जीपच्या अड्ड्याचे म्होरके. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. एसटी आज निघाली तर उद्या डेपोतच उभी. सगळा तालुका जीपवर चालायचा. गाडीत बसताना माणसं आधी आडनाव विचारायची, मग जागा देत. असे दिवस.

"बॉक्स न्हाई गेला, बन्सीधर," किशनराव अण्णांना म्हणाले. "हात गेलेला हाय म्हणून बॉक्स गेला. लेकुरवाळ्या बाया बसत्यात अड्ड्याच्या गाडीत. चढावर गिअर न्हाई पडला आन् गाडी मागं आली, तर जिम्मा कोनाचा?"

त्यांचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. रायभान खाली बघत उभा.

"सांगा काका, काय करू?"

"शिवरातीला चारठाण्याच्या जत्रेत पट हाय. बैलं पळून झाली की जीपांची सरळ धाव. तू दत्तरावच्या गाडीबरूबर पळ. पुढं ये नायतर मागं ऱ्हा, मला घेनं न्हाई. पर गिअर चुकला न्हाई पाहिजे. सगळ्या अड्ड्यासमोर. चुकला, तर तुझा नंबर बंद."

नंबर बंद म्हणजे गाडीला अड्ड्यावर जागा नाही. घरची निम्मी मेंढरं विकून त्यानं ती जीप घेतली होती. ती गेली की त्याला उरलेल्या मेंढरांमागं निघावं लागणार, दिवाळीनंतर घर सोडायचं ते पावसाळ्यालाच परत यायचं. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण त्या संध्याकाळी माझी भाकरी करपली. माझी भाकरी करपत नसते.

आता गिअरबॉक्स निवडायचा होता.

अण्णांनी गॅरेजात होतं नव्हतं ते जमिनीवर मांडलं. एक, अँबॅसडरचा बॉक्स, गिअरचा दांडा स्टेअरिंगला असतो तो. एक, कुठल्या तरी पालथ्या झालेल्या जीपचा चार गिअरचा बॉक्स, अजून चकचकीत. आणि एक, सरकारी लिलावातल्या जीपचा जुना, तीन गिअरचा. रायभान तिन्हींपुढं असा बसला की जसं काही पोरगी बघायला आलाय. मी तसं म्हणलं सुद्धा.

"कोनती पसंत हाय?"

"तिघी बी मुक्या हायत," तो म्हणाला. "बोलनारी पाहिजे."

"बोलनारी लय बोलती. झेपंल का?"

अण्णांनी हातोडी जरा जोरात ठेवली. आम्ही दोघांनी कामाला हात घातला.

आधी स्टेअरिंगवरचा बसवला. त्याच्या हाताला तो लागू पडला. मूठ नको, नुसता तळवा टेकवून ओढायचा, ढकलायचा. अण्णा मागच्या सीटवर, मी शेजारी, कान बॉक्सला लावून. येलदरीच्या रस्त्यानं सावकाश नेली तोवर लोण्यासारखा. पण धावेसारखी घाई केली, आणि खालच्या सळया एकमेकीत अडकल्या. ना पुढं, ना मागं. रस्त्यात गाडी उभी. आम्ही सळया सोडवत होतो तेवढ्यात माघातला अवकाळी शिरवा आला. जीपला टप नव्हता. रायभाननं आपली घोंगडी काढली, अण्णांच्या डोक्यावर घातली, आणि स्वतः भिजत राहिला. मीही भिजत राहिले. ओल्या मातीचा, रॉकेलचा, घोंगडीच्या लोकरीचा असा सगळा एकच वास... त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून किती कष्ट घेत होता ते मात्र मला दिसत होतं.

मग चार गिअरचा. पोलादी, गप्प, शहाणा बॉक्स. अण्णांचं मन त्याच्यावरच होतं. माझंही.

"पहिला लय बुटका हाय ह्याचा," मी म्हणलं. "पर मोकळ्या गाडीला पहिला लागतो कशाला? दुसऱ्यावरच उचला. दोनदाच बदलावा लागंल."

"उचलीन की. पर..."

दांडा आखूड होता आणि ताठ. मुठीत गच्च धरल्याशिवाय हलत नव्हता. रायभाननं खिशातून हात काढला, माझ्यापुढं धरला, आणि मूठ बंद केली. बंद मुठीच्या मधून उजेड दिसत होता.

मी डोकं गाडीखाली घातलं आणि त्या बॉक्सचे नट सोडवायला लागले.

"बसवा तिसरा," मी अण्णांना म्हणलं.

तीन गिअरचा जुना बॉक्स बसला. लांब, हलका दांडा. तळव्यानं ढकलला तरी जायचा. पहिला मागं, दुसरा पुढं, तिसरा पुन्हा सरळ मागं. खोट एकच. दुसऱ्याचे दात झिजलेले. गाडीनं जोर धरला की दुसरा आपोआप निसटायचा, आणि इंजन मोकळंच किंचाळायचं. नवी दात्यांची गरारी परभणीत नव्हती, नांदेडात नव्हती.

"हाच," मी म्हणलं.

"निसटतो तो, तानू," अण्णा म्हणाले.

"निसटतो तर धरून ठेवायचा. तिसरा पडंपर्यंत पुढं रेटून धरला की झालं."

"खोड हाय त्याला," रायभान म्हणाला.

"खोड नसलेलं मला कुठं करमतं?"

तो बघायला लागला.

"गिअरबद्दल बोलायलेय मी."

"मी बी गिअरबद्दलच ऐकायलोय," तो म्हणाला, आणि त्याचे कान पुन्हा तसे झाले.

रेटून धरायला त्याच्या हातात बळ पुरत नव्हतं, म्हणून अण्णांनी ट्यूबचं रबर कापून डॅशबोर्डखाली बांधलं. दुसरा पडला की अंगठ्यानं ते रबर दांड्यात अडकवायचं. रबर दांड्याला पुढं ओढून धरणार. शिवरात्रीपर्यंत रोज तेच. कधी अडकायचं, कधी हुकायचं. हुकलं की मी डाव्या बाजूनं हात घालून दांडा धरायची. पहिल्यांदा त्यानं दचकून हात काढून घेतला. नंतर काढून घेईनासा झाला.

जत्रेच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला बजावलं, "उद्या गाडीला हात लावू नगंस. पूजेपुरतं सोडलं तर पटाच्या दिवशी जुवाला बाईचा हात लागत न्हाई. बायांमधी बसून बघ."

"जीपला जू असतं का?"

"लोकांच्या डोळ्यात असतं," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, हळू आवाजात... "आन् त्या पोराकडं नगं बघूस. चांगला हाय, मला दिसतंय. पर त्यांची रीत येगळी, आपली येगळी. मला भावकीत राहायचं हाय."

मी पाने पुसून जागच्या जागी लावून ठेवले.

चारठाण्याला गर्दी म्हणजे काय! देवळांच्या दगडी खांबांवर सुद्धा पोरं चढलेली. गावाबाहेरच्या पडीक रानात पटाची सरळ पट्टी आखलेली. बैलांच्या जोड्या पळून झाल्या, धूळ बसली, आणि जीपा आणून उभ्या केल्या. एकीकडं दत्तराव, अड्ड्यावरचा जुना गडी. दुसरीकडं रायभान.

मी बायांमध्ये होते, पण पुढं. माझ्याशेजारी एक उंच म्हातारी, हातात तांब्याची वाटी, आनंदानं उजळलेली. रायभानची आई, म्हाळसाबाई.

"आत्ताच पूजा केली बघ पोराच्या गाडीची," ती मला म्हणाली. "बैलाच्या शिंगाला, जुवाला लावतो तसं. तेल, हळद, लोणी. समद्यात मानाची वस्तू ती, डोक्यावर गोळा असलेली काठी. आन् तिच्यापाशी ते काळं रबर हाय, त्यालाबी चोळलं. काय ठिवलं न्हाई बघ कोरडं!"

मी तिच्या वाटीत बघितलं; रिकामी होती.

लोण्यानं माखलेला दांडा. तेलानं चोळलेलं रबर. अर्ध्या हातात तो दांडा राहणार नाही, आणि दांड्यावर ते रबर राहणार नाही. मी जीपकडं बघितलं. रायभान दस्तीनं दांडा पुसायला गेला, आणि त्याचं लक्ष आईकडं गेलं. ती तिथून हात जोडून बघत होती. त्यानं दस्ती परत खिशात घातली. तिच्यासमोर तिची पूजा पुसणं त्याला जमलं नाही.

पंचानं पटका वर धरला.

मी काय विचार केला, मला विचारू नका. विचार केला असता तर बसून राहिले असते. मी पट्टी ओलांडून पळाले. मागं बायांचा गलका झाला, कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं, अण्णाच असतील. मी डाव्या बाजूनं जीपमध्ये चढले आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

"उतर तानू," रायभान म्हणाला. "लोक काय म्हणतील..."

"क्लच दाबा. तेवढंच काम हाय तुमाला."

पटका खाली आला.

पहिला होताच. गाडी उडाली. इंजन चढायला लागलं, मी आवाज ओळखला, त्यानं क्लच दाबला, मी दांडा पुढं रेटला. दुसरा. हातातून निसटायला बघत होता, जसा काही मासा. मी खांदा लावला. हळदीचं, लोण्याचं बोट बोट थर माझ्या तळव्यात. दत्तरावची गाडी शेजारी, कधी तिचं चाक पुढं, कधी आमचं. धूळ डोळ्यांत. आणि मग रायभानचा अर्धा हात माझ्या हातांवर आला. रेटायला नाही. त्याच्यात ते बळ नव्हतंच. नुसता आला आणि राहिला.

क्लच. मागं. तिसरा पडला, गच्च, एका झटक्यात. आमची जीप दत्तरावच्या जीपच्या तोंडभर पुढं होती तेव्हा पट्टी संपली.

लोक नाचत आले. किशनराव आले, त्यांच्या तोंडावर हसू होतं. "गिअर न्हाई चुकला, रायभान! नंबर..."

"काका," रायभान खाली उतरला. त्याचा आवाज कोरडा होता. "गिअर म्या न्हाई टाकला. हिनं टाकला. माझा हात नुसता वर व्हता."

मला त्याचा राग आला, असा राग, की वाटलं पाना असता तर मारला असता. आणि त्याच रागाच्या तळाशी मला कळलं की ह्या माणसाशिवाय मला आता होणार नाही.

किशनरावांचं हसू गेलं. "मंग नंबर बंद. म्या हात बघायचा म्हनलो व्हतो."

"तुमी हात न्हाई म्हनला," मी जीपमधूनच बोलले. "गिअर चुकला न्हाई पाहिजे म्हनला. चुकला का?"

"पोरी, आज तू बसलीस. उद्या चढावर कोन बसनार?"

"मीच."

"रोज?"

"रोज."

"अड्ड्याच्या गाडीत, परक्या माणसाशेजारी? कोनाच्या नात्यानं?"

याचं उत्तर मी देऊन चालणार नव्हतं. रायभाननं डावा हात खिशाकडं नेला... आणि नेता नेता थांबवला. बाहेरच राहू दिला.

"माझी बायकू म्हनून," तो म्हणाला. "ती व्हय म्हनत असंल तर. न्हाई म्हनली तर गाडी इकतो आन् मेंढरांमागं जातो. पर तिचा हात माझा म्हनून खपवनार न्हाई मी."

"हे बोलायला जत्रा लागली तुमाला?" मी म्हणलं. "गॅरेजात तोंड कुठं गेलतं?"

कुणीतरी हसलं. मग मी "व्हय" म्हणलं. फार हळू. पण किशनरावांनी ऐकलं.

"डावी सीट रिकामी दिसली त्या दिवशी नंबर बंद," ते म्हणाले. आणि मग अण्णांकडं वळले. "बन्सीधर?"

अण्णा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकला, डोक्याला गुंडाळला, आणि जिंतूरच्या रस्त्यानं पायी चालायला लागले.

लोकांचं मला काही नव्हतं. पण ती पाठ... मला पाने ओळखायला शिकवणाऱ्या माणसाची पाठ.

म्हाळसाबाई मागच्या सीटवर चढून बसली. आपल्या लोण्यानं काय केलं असतं ते तिला कुणी सांगितलं नाही; अजूनही सांगितलेलं नाही. रायभाननं जीप रस्त्यावर घेतली. अण्णा पुढं चालत होते. आम्ही जवळ आलो, आणि त्यानं गाडी पहिल्यावर ठेवली.

"पुढं न्हाई जायचं?" मी विचारलं.

"त्यांना मागं टाकून? न्हाई."

म्हणून आम्ही मागं मागं. माणसाच्या पावलाच्या चालीनं. जत्रेतल्या बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या, सायकली गेल्या, दत्तरावची जीप हॉर्न वाजवत गेली, आतल्या पोरांनी टवाळी केली. पटात पुढं आलेली गाडी रस्त्यात सगळ्यांच्या मागं. ऊन कलतं झालं, ज्वारीच्या कणसांवर पिवळं होऊन बसलं. अण्णा एकदाही वळले नाहीत. पण फाटा आला, आडवाट आली, तरी त्यांनी रस्ताही सोडला नाही.

इंजनाचा आवाज जड झाला. रेडिएटरमधून वाफेचा वास यायला लागला. मला कळत होतं, रायभानलाही कळत होतं. त्यानं गाडी तशीच ठेवली.

अण्णा थांबले.

आम्ही थांबलो. ते वळून सरळ बॉनेटपाशी आले, कान वाकडा करून ऐकलं, आणि रायभानला म्हणाले, "पहिल्यावर एवढी चालवतात व्हय रं? इंजन उकळून जाईल. दुसरा टाक."

आणि मागं चढून म्हाळसाबाईच्या शेजारी, जरा अंतर राखून बसले.

रायभाननं क्लच दाबला. मी दांडा पुढं रेटला, आणि रेटून धरला. त्याचा हात माझ्या हातावर यायला निघाला, आणि मध्येच अडखळला. मागं बाप बसलेला.

"हात लाव की," मागून अण्णा म्हणाले. "एकटीला जड जातो तो."